झिऱ्याच्या पाण्यात कुंकू

आमच्या काशीतल्या दुर्गाघाटच्या घरात कुठल्याही नदीचं पाणी आलं की आधी देवघरात जातं. नर्मदेचं असो की कुणी कावेरीहून आणलेलं असो, त्यात हळदकुंकवाची चिमूट पडते आणि मग पळीभर पाणी देवांच्या अभिषेकाला जातं. माझ्या नवऱ्याचं आयुष्य पंचगंगा घाटावर यजमानांच्या पूजा सांगण्यात गेलं, त्यांचा हा नेम. त्यामुळे मुलीची बाटली त्यांच्या हाती लागल्यावर जे व्हायचं तेच झालं.

मुलगी विद्यापीठात पाण्याचा अभ्यास करते. रेल्वेने एक रात्र पूर्वेला गेलं की डोंगरात युरेनियमची खाण आहे आणि तिच्याखाली नदी. उन्हाळ्यात नदी आटते, तेव्हा काठच्या गावातल्या बायका वाळूत झिरा खणून त्यातलं पाणी भरतात. खाणीच्या गाळातलं काही त्यात उतरतं का, हे तिला तपासायचं होतं. झिऱ्याचं पाणी घेऊन ती सकाळी घरी आली, आंघोळीला गेली, आणि बाहेर येऊन बघते तर बाटलीत कुंकू.

मला बोलायचं ते मी बोलून घेतलं. मुलगी मात्र शांत होती. हे पाणी आता तपासता येणार नाही, पाऊस आला की झिरे बुडतील, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या बायका पुन्हा तेच पाणी पितील, एवढं सांगून ती परतीचं तिकीट काढायला बसली. हे म्हणाले, मीही येतो. मग मी कशाला मागे राहते? दशम्या बांधल्या. काशी सोडून उलट्या यात्रेला निघालेले आम्हीच पहिले असू.

तिथे सालवृक्षांचं दाट जंगल, आणि मध्येच अर्धा कापलेला डोंगर. बांधामागे राखाडी गाळ पसरलेला, त्यावर गवताची काडी नाही. मला संताप आला. इतका देखणा मुलूख आणि त्याची ही दशा. झिऱ्याचं पाणी मात्र आमच्या गंगेपेक्षा नितळ दिसत होतं. सवयीने हे आचमनाला वाकले. मुलीने त्यांचं मनगट धरलं.

"बाबा, थांबा. अजून मलाच माहीत नाही."

शेजारी कळशी घेऊन एक म्हातारी उभी होती. ती म्हणाली, "पीएँ कि न पीएँ, बस इतना बता दो, बिटिया."

पावसाआधी येऊन सांगते, असा शब्द मुलीने दिला. बाटली भरली, बूच घट्ट लावलं, आणि घरी येईपर्यंत ह्यांनी ती मांडीवरून खाली ठेवली नाही.

निकाल वाईट आला. फोनवर कळवता आलं असतं, पण ती स्वतः गेली. झिऱ्याचं पाणी पिऊ नका, असं तिने तोंडावर सांगितलं. डोंगराच्या वरच्या अंगाची विहीर तिने आधीच्या एका फेरीत तपासली होती, ती चांगली निघाली होती, तीही दाखवली. विहीर लांब आहे, चढ आहे, तरी बायका कुरकुरत जातात.

पोरीचा मला फार अभिमान आहे आणि तो मी गल्लीभर सांगत फिरते. मंगला गौरीच्या देवळात आता बायका मला बघून विषय बदलतात. हे कुणाला काही सांगत नाहीत. पण ती बाटल्या घेऊन घरी आली की करंडा घेऊन दाराशी जातात, बाटल्यांना हात लावत नाहीत, आणि चिमूटभर कुंकू तिच्या कपाळाला लावतात.