आयसोलेट आणि आयसोलेटेड

नागपूरच्या मिहानमधल्या एका कारखान्यात मी इलेक्ट्रिशियन आहे. शिफ्ट संपताना झालेलं आणि राहिलेलं काम रजिस्टरमध्ये इंग्रजीत लिहायचं, असा तिथला नियम. माझं इंग्रजी शाळेपासून कच्चं.

त्या दुपारी तीन नंबरच्या पॅनलचा पुरवठा बंद करायचा राहिला होता. पुढच्या शिफ्टने आधी तो बंद करावा म्हणून मी लिहिलं, ‘पॅनल थ्री आयसोलेट’. आपण ‘चेक केलं’ म्हणतो, ‘चेक करायचं’ही म्हणतो, चेक तसाच राहतो. इंग्रजीत शब्दाचं शेपूट बदलावं लागतं, हे डोक्यातच आलं नाही.

कपडे बदलून निघालो तर पुढच्या शिफ्टचे भाऊ पॅनल उघडून उभे. वयाने मोठे, म्हणून आम्ही सगळे त्यांना भाऊच म्हणायचो. त्यांचा हात आत चालला होता.

“भाऊ, हात नोका लावू!”

हात तारेपासून वीतभर अंतरावर थांबला.

“काहून गा? तूच तं लिहिलं, आयसोलेट म्हणून.”

“करायचं आहे म्हणून लिहिलं. केलं नाही अजून!”

भाऊंनी टेस्टर लावला. दिवा लागला. ते तिथेच खाली बसले.

इंजिनिअर मॅडम धावत आल्या. मी तोंड उघडायच्या आत भाऊ म्हणाले, “माह्यी चूक झाली मॅडम. टेस्टर पहिले लावाले पाहिजे होता.”

मी पुढे झालो. “मॅडम, शब्द मी चुकीचा लिहिला.”

मॅडमनी सगळ्यांना फळ्यासमोर बसवलं. आयसोलेट म्हणजे बंद करणे, आयसोलेटेड म्हणजे बंद केलेलं, आयसोलेशन म्हणजे ती क्रिया. खाली आणखी चार शब्द लिहिले: सेव्ह, सेफ्टी, सेफ, सेफ्ली. क्रियापद, नाम, विशेषण, क्रियाविशेषण. मला वाचायला सांगितलं. सेफ्लीपाशी माझी जीभ अडली. कोणी हसलं नाही.

दोघांनाही मेमो मिळाला.

रविवारी भाऊ बायकोला घेऊन बेसा भागात माझ्या घरी आले. वहिनींनी दारातच हात जोडले. “तुमच्यामुळं वाचले म्हणे हे.”

भाऊंनी मान हलवून मला गप्प राहायला खुणावलं. पण मला राहवलं नाही.

“वहिनी, माझ्याच लिहिण्यानं ते तिथपर्यंत गेले होते.”

त्यांचे जोडलेले हात खाली आले. मग नवऱ्याकडे वळल्या. “हे नाही सांगितलं तुम्ही मले.”

चहा झाला, पण वहिनींनी कपाला हात लावला नाही.