आष्टीच्या बाजारातली बास्केट

सांगलीच्या स्टँडवर मला सोडायला आलेल्या बायकोने शेवटपर्यंत एकच प्रश्न लावून धरला होता. "जालन्यात बास्केटबॉल कोण खेळतं?" मलाही उत्तर माहीत नव्हतं. आयुष्यभर मी बास्केटबॉलचा पंच म्हणून शिट्टी वाजवली, ती पुणे, सोलापूर, कोल्हापुरात. जालना जिल्हा होऊन दहा-बारा वर्षं झाली होती, पण माझ्या लेखी ते बियाण्यांच्या पिशवीवर छापलेलं एक नाव होतं. तिथल्या लीगला एक त्रयस्थ माणूस हवा होता. एक नवं मैदान बघायचं आणि ते सामन्यांच्या लायकीचं आहे की नाही ते सांगायचं, एवढंच काम. निवृत्त पंचाला कुणी आपणहून बोलावतं म्हटल्यावर फार चौकशी करायची नसते. पिशवीत शिट्टी, मोजपट्टी आणि पित्ताच्या गोळ्या टाकल्या आणि निघालो.

जुन्या जालन्यात रिक्षा एका गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि पुढे जायला तयार होईना. गल्लीत एका बाजूला धान्याची पोती उतरत होती, दुसऱ्या बाजूला कापडाची ठाणं. यातल्याच एका कापडाच्या दुकानात लीगचं ऑफिस होतं, म्हणजे गल्ल्यामागची एक खुर्ची. तिच्यावर लीगचे सेक्रेटरी सलीमभाई बसले होते. त्यांनी चहा मागवला आणि एका गिऱ्हाइकाला शर्टाचं कापड फाडून देता देता मला सगळी लीग समजावून सांगितली.

लीग मोठी मजेशीर होती. एक संघ बियाणं कंपनीचा, एक लोखंडाच्या कारखान्याचा, एक मोंढ्यातल्या (धान्याच्या घाऊक बाजारातल्या) व्यापाऱ्यांचा. खेळाडू दुपारपर्यंत नोकरी करायचे, दुपारनंतर सराव. वर सामन्यामागे भत्ता. ना धड हौशी, ना धड धंदेवाईक. सुरुवातीला सगळे सामने शहरातच व्हायचे. मग तालुक्याचे संघ आले, आणि आता परतूर तालुक्यातलं आष्टी.

"आष्टीवाले चांगले खेळून राह्यले," सलीमभाई म्हणाले. "पण त्यांना स्वतःचं मैदान न्हाई. कमिटीनं ठरवलं, मैदान न्हाई तर पुढच्या साली टीम बाद. आता त्यांनी बाजारात खांब रोवले. तुमी बघा आन बिलकुल खरं सांगा. कुणाचा मुलाहिजा ठेवू नका."

मुलाहिजा ठेवण्याबद्दल माझी कधीच ख्याती नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एस.टी.ने निघालो. दोन्ही बाजूंना काळी रानं, काढणीला आलेली ज्वारी, मधूनच तुरीच्या काड्यांचे भारे. वाटूरला गाडी बदलायची होती. वाटूर फाट्यावर भजी इतकी चांगली मिळाली, की त्या भरात मी मंठ्याच्या गाडीत चढलो. कंडक्टरने तिकीट फाडण्याआधी विचारलं म्हणून बरं. त्याने मला मैलभरावर उतरवलं आणि सांगितलं, "आल्या वाटेनं जावा, सर्वे नंबर एकच हाय." याचा अर्थ मला अजून कळलेला नाही. उन्हात चालत फाट्यावर परत आलो, परतूरची गाडी धरली आणि तिथून आष्टी.

आष्टीचा त्या दिवशी आठवडी बाजार होता. सामना मुद्दाम त्याच दिवशी ठेवला होता, कारण एवढी माणसं एरवी कुठून येणार. पालांच्या (बाजारातल्या कापडी छपरांच्या) गर्दीतून दोन लोखंडी खांब वर आले होते. त्यांवर फळ्या आणि रिंगा. बाकी मैदान असं काही दिसत नव्हतं. सगळीकडे माळवं (भाजीपाला), गूळ आणि माणसं. चार वाजले की दुकानदार उठतात आणि खाली उरतं ते मैदान, असा हिशेब होता.

मी मोजायला सुरुवात केली. पश्चिमेकडच्या रिंगेच्या बरोबर खाली लाल मिरच्यांचा ढीग लावून एक बाई बसली होती. काटक, कपाळाला मोठं कुंकू. मोजपट्टीचं टोक धरायला कुणी मिळेना, तेव्हा तिने हात पुढे केला.

"द्या इकडं. जमीन मोजायला आलाव का?"

"मैदान मोजतोय, बाई."

"मोजा. पण माझी जागा त्यात धरू नका."

चार वाजता बाई ढीग पोत्यात भरून निघून गेली. मैदान झाडलं, पाणी मारलं, फक्कीच्या रेघा ओढल्या. बियाणं कंपनीचा संघ जालन्याहून टेम्पोने आला होता. आष्टीचा कप्तान बालाजी, उंच, शांत, एका ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. त्याने मला नमस्कार केला आणि सामना सुरू झाला.

पाच मिनिटंही झाली नसतील. पश्चिमेच्या रिंगेखाली दोघा-तिघांनी एकदम उडी मारली, पाय आपटले, आणि धूळ वर आली. पाठोपाठ शिंका. कंपनीचा उंचापुरा खेळाडू डोळे चोळत खाली बसला. सामन्याचा पंच खोकू लागला. वर्षानुवर्षं त्या जागेवर मिरची सांडत होती, तुडवली जात होती, मातीत मुरत होती. आष्टीचे खेळाडू मात्र तोंडाला रुमाल बांधून निवांत उभे होते. त्यांना ती सवयीची होती. त्यात भर म्हणजे मैदान पूर्व-पश्चिम घातलेलं, उतरतं ऊन सरळ डोळ्यांत. सामना थांबवावा लागला.

मी बालाजीला बाजूला घेतलं. "त्या मिरचीवालीला दुसरीकडे बसवा आणि तिथली माती बदला. नाहीतर मी हे मैदान पास करणार नाही."

त्याने तोंडावरचा रुमाल खाली ओढला. "सर, ती माय हाय माझी."

मग त्याने एकेक करून सांगितलं. त्या जागेवर आधी त्याची आजी बसायची, आता आई, गयाबाई. गिऱ्हाईक डोळे झाकून तिथं येतं. चार वाजता ती उठून जाते ती मैदान मोकळं व्हावं म्हणून, त्यामुळे तिने त्याचा खेळ आजवर पाहिलेला नाही. आणि बियाणं कंपनीच्या संघाने त्याला जालन्यात नोकरी देऊ केली आहे. आष्टीचा संघ बाद झाला, तर त्याला जावंच लागेल. तो गेला, की बाकीचेही पांगतील.

"मग आईलाच विचार की," मी म्हणालो.

"तिला उठवून मी तिथं खेळू व्हय? न्हाई जमायचं, सर."

त्याचे सोबती त्याच्याकडे रागाने बघत होते. मी नियम पुन्हा एकदा सांगितला, पुढच्या बाजारापर्यंतची मुदत दिली आणि टेम्पोत बसलो. मला वाईट वाटलं का? फारसं नाही. मैदान वाईट होतं आणि मी तसं म्हणालो होतो.

मधले दिवस जालन्यात गेले. लीगचे बाकीचे सामने पाहिले. कारखान्याच्या संघाचं मैदान सिमेंटचं, गुळगुळीत, आणि बघायला जेमतेम दहा माणसं. संध्याकाळी सलीमभाईंच्या घरी ज्वारीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ) घालून केलेली आमटी. ती इतकी तिखट होती, की पित्ताच्या गोळ्या तिथेच संपल्या. आष्टीचा विषय निघाला, की सलीमभाई मान हलवायचे. "माय हाय म्हटल्यावर तो काय बोलणार?"

पुढच्या बाजाराला मी पुन्हा आष्टीला गेलो. या वेळी वाटूरला भजी खाल्ली नाहीत. बाजारात शिरलो तर खांब जागेवर नव्हते. म्हणजे होते, पण एक उत्तरेला, एक दक्षिणेला. अख्खं मैदान फिरवलेलं. मिरची सांडायची तिथली वरची माती खरडून नवा मुरूम दाबलेला. आणि गयाबाई आपल्या जागेवर जशीच्या तशी. फक्त आता तिची जागा बाजूच्या रेघेच्या बाहेर पडली होती.

"हे कुणी सुचवलं?" मी बालाजीला विचारलं.

"मायनंच. पोरांनी घरी येऊन सांगितलं, टीम बंद करून राह्यलो म्हणून. तर म्हणली, मी आधी आल्ते, खांब मागून आल्ते. मंग खांबानं सरकावं की."

मी मोजपट्टी काढली. मापं बरोबर होती. मैदान आता उत्तर-दक्षिण होतं, तसंच असावं लागतं. ऊन डोळ्यांत येत नव्हतं. हे मोजपट्टीवाल्या मला आठ दिवसांपूर्वी का सुचलं नाही, यावर मी फार विचार केला नाही.

बियाणं कंपनीशी थांबलेला सामना त्या दिवशी पुन्हा होता आणि पंच मीच होतो, दोन्हीकडचे त्रयस्थ हवा म्हणाले. चार वाजले, बाजार उठला, गयाबाई उठली नाही. मिरच्या पोत्यात भरून पोत्याला टेकून बसली. सामना शेवटपर्यंत अटीतटीचा झाला. धूळ उडाली, पण शिंका नाहीत. शेवटी आष्टी एका गुणाने मागे असताना बालाजीला ढकललं गेलं, फाउल स्वच्छ होता, मी शिट्टी दिली. त्याला दोन फ्री थ्रो मिळाले. समोर कुणी आडवं येत नाही, निवांत उभं राहून टाकायचे. दोन्ही गेले असते, तर आष्टी जिंकली असती.

त्याने पहिला चेंडू टाकण्याआधी एकदा आईकडे पाहिलं. चेंडू रिंगेला लागून बाहेर. दुसरा तर रिंगेलाही लागला नाही. वेळ संपली.

गयाबाई पोत्याला टेकूनच म्हणाली, "इतके दिस मी ह्याच्यासाठी उठून जात व्हते व्हय?"

आधी बालाजी हसला, मग सगळेच. मी तिच्याजवळ गेलो. निकाल आधी सेक्रेटरीला कळवायची रीत आहे, पण मी तिलाच सांगितलं, की मैदान पास आहे.

"मंग बाला आता जालन्याला जात न्हाई?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली. पोत्याचं तोंड सोडलं आणि मी मागितल्या नसताना माझ्या पिशवीत मिरच्या भरू लागली. भरून झाल्या, तरी भरत राहिली.

सांगलीत बायकोने त्या मिरच्या कढईत टाकल्या आणि दोघंही खोकत अंगणात आलो. "सांगा आता, कोण खेळतं?" तिने विचारलं. मी बालाजीबद्दल सांगितलं, खांबांबद्दल सांगितलं. एक गोष्ट मात्र ती पदराने डोळे पुसत घरात गेल्यावर मनातल्या मनात कबूल केली. पंचाला कुठलीच बाजू नसते. तीस वर्षं मला ते कधी जडही गेलं नव्हतं. त्या दिवशी शिट्टी तोंडात धरून उभा होतो आणि दुसरा चेंडू हवेत असताना मनापासून वाटत होतं, जाऊ दे आत, तिच्यासमोर एकदा तरी जाऊ दे.