थोंगताईने शोधलेला डोंगर

थोंगताईचा उजवा कान गेला तो रोलिंग मिलमध्ये. अकरा वर्षं ती क्रेनच्या केबिनमध्ये, जमिनीपासून पाच मजले उंच बसून पोलादाच्या लालबुंद लाद्या इकडून तिकडे हलवत होती. कान गेल्यावर साहेबांनी तिला खाली उतरवलं आणि कारखान्याच्या अतिथिगृहात नोंदवहीच्या टेबलाशी बसवलं. बाकीच्या क्रेनवाल्या बायकांना तिची कीव आली. ती मात्र खूश होती. मला म्हणाली, "वरून माणसांची नुसती डोकी दिसायची. आता तोंडं दिसतात."

मी त्या अतिथिगृहाचा आचारी. माझं आडनाव लेंग, गाव नेइजियांग. पांझीहुआच्या ह्या पोलाद कारखान्यात मी आलो तेव्हा तिशीही गाठली नव्हती. थोंगताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, थेट ईशान्येकडच्या आनशानची. मला ती लेंग्या म्हणायची आणि माझ्या हातच्या प्रत्येक पदार्थाला नावं ठेवायची.

"लेंग्या, हे जेवण आहे की शिक्षा? किती मिरची घालतोस?"

"ताई, तुमच्या आनशानला कोबी उकडला की सण झाला. आम्ही काय करणार?"

तिला एकच खोड होती. विचारल्याशिवाय तिला राहवत नसे. आलेल्या पाहुण्याचं नाव, गाव, काम वहीत लिहून झालं की खरे प्रश्न सुरू व्हायचे. तुमच्याकडे नदी कुठल्या बाजूला वाहते? घराला छप्पर कशाचं? एकदा वुहानच्या एका इंजिनियरला तिने विचारलं, तुमच्या स्वेटरची एक बाही लांब का आहे? स्वेटर बायकोने विणलेला होता. त्याने तक्रार केली, व्यवस्थापकाने ताईला बोलावून झापलं. बाहेर आल्यावर ती मला म्हणते, "पण लांब का होती, ते कळलंच नाही."

चौऱ्याण्णव साली, काटेसावरी लालभडक फुलून पानं यायची होती त्या दिवसांत, क्वान नावाचा एक माणूस शेनयांगहून आला. पस्तिशीचा, किडकिडीत, चष्मेवाला. कामाच्या रकान्यात त्याने लिहिलं, 'खाजगी'. पोलादाच्या गावात खाजगी काम घेऊन कोण येतं? त्यात हा रोज सकाळी न्याहारी करून बस पकडायचा आणि संध्याकाळी दमून परत यायचा.

दुसऱ्या दिवशी ताई स्वयंपाकघरात आली. "लेंग्या, हा माणूस कारखान्यात जात नाही."

"तुला काय माहीत?"

"कारखान्यात गेलेल्याच्या बुटांना काळी धूळ लागते. ह्याचे बूट लाल मातीने भरलेत. डोंगर चढतोय हा."

"चढू दे की. डोंगर काय आपल्या बापाचे आहेत?"

"पण रोज वेगळा चढतोय. काल पूर्वेकडच्या शेवटच्या थांब्याला उतरला, आज पश्चिमेकडच्या. मी कंडक्टरला विचारलं."

चौथ्या दिवशी सकाळी तो पेज आणि लोणचं घेऊन बसला होता. ताई सरळ त्याच्या समोरच्या खुर्चीत जाऊन बसली, चांगला कान त्याच्याकडे करून.

"बाळा, तू काय शोधतोयस?"

क्वानने चष्मा पुसला. मला वाटलं, आता पुन्हा तक्रार जाणार. पण त्याने खिशातून एक पाकीट काढलं आणि पाकिटातून फोटो. काळापांढरा, तळहाताएवढा. गवताची टोपी घातलेली एक बाई सावरीच्या झाडाखाली उभी आहे. पाठीमागे एक डोंगर, दोन उंचवट्यांचा. मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं होतं, 'वारा फार आहे.'

"माझी आई," तो म्हणाला. "मी आठ वर्षांचा होतो तेव्हा ती दोन वर्षं इकडे होती. मला मामीकडे ठेवलं होतं. इथे काय करत होती ते तिने कधी सांगितलं नाही. गेल्या वर्षी तिच्या कपाटात हा सापडला. ह्या डोंगरासमोर एकदा उभं राहावं असं वाटलं. पण हा डोंगर कुठेच नाहीये, मावशी. मी तीन दिवस बघतोय."

"डोंगर कुठे जाईल?" ताई म्हणाली. "दे इकडे."

आणि आमच्या अतिथिगृहाची जी दोन दिवस दाणादाण उडाली ती विचारू नका. ताईने तो फोटो गावभर फिरवला. मिलमधल्या जुन्या मैत्रिणी, न्हावी, बसचे ड्रायव्हर, सगळ्यांना दाखवला. गंमत म्हणजे नाही कुणीच म्हणेना. प्रत्येकाला तो डोंगर ओळखीचा. न्हावी म्हणाला, हा तर नदीपलीकडचा. गेलो, नव्हता. ताईची मैत्रीण म्हणाली, अगं, हा माझ्या गॅलरीतून दिसतो. आम्ही तिघं धापा टाकत तिचे सहा मजले चढलो. गॅलरीतून धुरांडी दिसली, आणि धुरांड्यांमागे एकच उंचवटा असलेला एक डोंगर.

"दुसरा उंचवटा धुरात असेल," मैत्रीण म्हणाली.

"आज धूर उलट्या दिशेला आहे," ताई म्हणाली.

खरी अडचण अशी होती की आम्ही सगळे बाहेरून आलेले. कोणी आनशानचा, कोणी शांघायचा, कोणी माझ्यासारखा सिचुआनच्या सपाटीवरचा. कारखाना उभा राहताना किंवा त्यानंतर आलो. त्याआधी इथे काय होतं हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि विचारावंसंही कोणाला वाटलं नव्हतं. ताईलाही नाही. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती जिन्यात थांबली.

"बावीस वर्षं झाली मला इथे," ती म्हणाली. "शेनयांगच्या माणसाला मी त्याच्या घराचं छप्पर विचारते. आणि माझ्या घराखाली आधी काय होतं, ते मला ठाऊक नाही."

तेव्हा मला फेई आजी आठवली. ती बाजाराच्या तोंडाशी बकऱ्याच्या रश्श्यातल्या तांदळाच्या शेवया विकायची. मी मटण तिच्याच नातेवाईकाकडून घ्यायचो. ती इथलीच, कारखान्याच्या आधीची. मी म्हटलं, शेवटचं तिला विचारून बघू.

दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. फेई आजीने हात पुसले, फोटो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

"ही तर आमची म्हैस," ती म्हणाली.

"कुठली म्हैस?"

"बसलेली म्हैस. डोंगराचं नाव. हे डोकं, ही पाठ. आमची वस्ती तिच्या पोटाशी होती. सात घरं."

क्वान पुढे झाला. "कुठे आहे हा डोंगर, आजी?"

"आता कुठला असायला? लोखंड होतं ना तिच्या पोटात. आधी सुरुंग लावून डोकं उडवलं, मग पाठ खणून काढली. आम्हाला खाली आणून बसवलं." तिने हाताने वरच्या खाणीच्या दिशेला दाखवलं. "इतकी वर्षं त्याचंच पोलाद करताय की तुम्ही."

थोंगताईने आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. अकरा वर्षं तिने क्रेनने काय उचललं होतं ते तिला आत्ता कळत होतं.

"आजी, जागा दाखवाल?" क्वानने विचारलं.

"आणि शेवया कोण विकणार?"

"मी विकतो," मी म्हणालो.

"तू? तुझ्या हाताला चव नाही असं ही आनशानवाली गावभर सांगते."

शेवटी गाडा तिच्या सुनेवर सोपवून आम्ही चौघं खाणीच्या बसमध्ये बसलो. फाटकावर परवानगी लागते. ताईने तिथल्या सुरक्षा कचेरीतल्या माणसाला हाक मारली. तो पूर्वी मिलमध्ये तिच्या क्रेनखाली साखळ्या अडकवायचा. "तुझ्या डोक्यावर मी एकदाही लादी पाडली नाही, आठवतंय ना?" ती म्हणाली. त्याने हसून आम्हाला लोखंडी टोप्या दिल्या आणि स्वतः बरोबर आला.

खाण म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचा प्रचंड वाडगा. तळाशी ट्रक मुंगीएवढे दिसत होते. फेई आजी कठड्यापाशी उभी राहिली, समोरच्या दोन ओळखीच्या शिखरांचा अंदाज घेत इकडे सरकली, तिकडे सरकली. मग तिने बोट वर केलं, खड्ड्याच्या कितीतरी वर, मोकळ्या हवेत.

"तिथे डोकं होतं. त्याच्या डावीकडे, जरा खाली, ती सावर. झऱ्याच्या वर. तुझी आई तिथे उभी आहे."

आम्ही पाचही जण माना वर करून त्या रिकाम्या हवेकडे पाहत राहिलो. एक घार तिथून गेली. क्वानने कॅमेरा काढला आणि आकाशाचा फोटो घेतला. साखळीवाला मला हळूच म्हणाला, "काय आहे तिथे?" मी म्हटलं, "होतं."

परतीच्या बसमध्ये ताई क्वानच्या शेजारी बसली.

"तुझ्या आईने हा फोटो का ठेवला असेल?"

"माहीत नाही."

"विचारलं नाहीस?"

"ती बोलत नाही त्याबद्दल."

"बोलत नाही की तू विचारत नाहीस?"

तो खिडकीबाहेर बघू लागला.

"जिवंत आहे ना?"

"आहे. ठणठणीत आहे."

"मग विचार की बाबा. तीन दिवस डोंगर कसले चढतोस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नोंदवहीच्या टेबलावरून शेनयांगला फोन लावला. मी कणीक चाळत दारातच उभा होतो, व्यवस्थापकही काही तरी शोधत असल्यासारखा फिरत होता. आम्हाला एकच बाजू ऐकू येत होती. "आई, मी पांझीहुआत आहे." मग बराच वेळ काही नाही. "हो. तो फोटो." पुन्हा शांतता. "नाही, आता नाहीये तो. खाण आहे." त्यानंतर तो इतका वेळ नुसता ऐकत राहिला की मला वाटलं लाइन तुटली.

मग रिसीव्हरवर हात ठेवून तो आम्हाला म्हणाला, "आई मोजणीवाली होती, हाओ इंजिनियर म्हणायचे तिला इथे. डोंगराची उंची तिच्या तुकडीने मोजली. सुरुंगाला किती दारू लागेल ते त्यावरून ठरणार होतं. डोंगर जाणार हे तिला माहीत होतं, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी तिने त्याच्याबरोबर फोटो काढून घेतला."

"सांगितलं का नाही कधी?" ताईने विचारलं.

"मी विचारलं. म्हणते, कामाबद्दल बोलायची तेव्हा मनाई होती. मनाई उठली, तोपर्यंत विचारणारं कोणी राहिलं नव्हतं."

ताईने हात पुढे केला. "दे जरा." रिसीव्हर चांगल्या कानाला लावून ती मोठ्याने म्हणाली, "हाओ इंजिनियर, मी इथली थोंग. किती उंच होता हो?"

पलीकडून लगेच उत्तर आलं असावं. ताईने पेन्सिल घेतली आणि नोंदवहीच्या कोपऱ्यात लिहिलं: पंधराशे अठरा पूर्णांक चार.

क्वान दुसऱ्या दिवशी गेला. ताई मात्र त्यानंतर जी सुटली ती सुटली. दर सुट्टीच्या दिवशी ती फेई आजीच्या गाड्याशी जाऊन बसे. मिलमधून रद्द झालेला एक मोठा नकाशा तिने आणला होता. त्याच्या कोऱ्या पाठीवर ती कारखान्याच्या आधीचं गाव काढू लागली. कोकच्या भट्ट्यांच्या जागी ऊस. आमच्या अतिथिगृहाच्या जागी नदी पार करणाऱ्या होडीचा धक्का. मी तिला हसायचो. "ताई, माझ्या चुलीखाली कोण राहायचं ते पण लिही." तिने खरंच शोधलं. माझ्या चुलीखाली मीठ वाहणाऱ्या खेचरांचा गोठा होता.

दोन वर्षांनी, हिवाळ्यात, क्वान आईला घेऊन आला. हाओ इंजिनियर ठेंगणी होती, चौसष्ट वर्षांची, चालायला माझ्याहून चपळ. मला वाटलं, आधी खाणीवर जायचं म्हणेल. ती म्हणाली, "खड्डा काय बघायचा? जेवायला काय आहे?" मी मुद्दाम मिरची कमी घातली. तिने मिरची मागून घेतली. थोंगताईचं तोंड बघण्यासारखं झालं.

जेवणानंतर ताईने टेबलावर नकाशा पसरला. हाओ इंजिनियरने चष्मा लावला, बोट फिरवलं आणि म्हणाली, "झरा चुकलाय. झरा पूर्वेला होता."

"फेई आजी पश्चिमेला म्हणते," ताई म्हणाली.

"मी मोजणी केलीये."

"ती तिथून पाणी भरायची."

दोन दिवस हा वाद चालला. तिसऱ्या दिवशी फेई आजीलाच बोलावलं. तिने नकाशाकडे पाहिलंही नाही. "झरे दोन होते," ती म्हणाली. "पूर्वेचा पावसाळ्यानंतर आटायचा. ही बाई आली तेव्हा आटला नसेल." हाओ इंजिनियरने खोडरबर मागितला आणि दोन्ही झरे स्वतःच्या हाताने काढले. पाच दिवस ती राहिली. रोज सकाळी त्या तिघी टेबलाशी बसत, एक नाव सांगायची, एक उंची, आणि ताई लिहायची. क्वान माझ्याबरोबर भाजी चिरत बसायचा आणि मधूनच आईकडे बघायचा. ती इतकं बोलते हे त्याला नवीन होतं.

फेई आजी दोन हजार एक साली गेली. नकाशातल्या सात घरांपैकी सहा घरांची नावं भरली होती. सातव्याचं तिला आठवत नव्हतं; आठवेल, आठवेल म्हणत राहिली. थोंगताई आता शहात्तर वर्षांची आहे, डावा कानही मंद झालाय. गेल्या महिन्यात मी भेटायला गेलो तर म्हणाली, सातव्या घरातला एक नातू पलीकडच्या तालुक्यात आंब्याची बाग करतो असं कळलंय. बस बदलावी लागते. "येतोस का?" तिने विचारलं. मी म्हटलं, येतो, पण डबा मी आणणार.

"मिरची बेताने घाल," ती म्हणाली.