कंडक्टरमामांसाठी निरोप
दुसऱ्याचं बोलणं इंग्रजीत कसं सांगायचं, हे मला भोर-वेल्हे एसटीच्या कंडक्टरमामांनी शिकवलं. क्लासच्या सरांचं नाव यात कुणी घेऊ नये.

तुम्ही त्या गाडीत कधी बसला असाल तर मामांचं बोलणं ऐकलंच असेल. रेंज नसलेल्या गावांचे निरोप ते पोचवायचे आणि शेवटी हात झटकायचे, "आसं ती म्हनली. माझं काय न्हाई त्यात." कुणी निरोपाला तिखटमीठ लावलं की तोंड वाकडं करायचे. "ह्यो निरोप न्हाई, भेळ हाय!"

मी नववीत शाळा सोडलेला. बाहेरून दहावीला बसायचं म्हणून वेल्ह्याहून भोरला क्लासला जायचो. दुसऱ्याचं बोलणं इंग्रजीत सांगताना शब्द कसे बदलतात, ते दाखवायला सर फळ्यावर बाण काढायचे, 'आज'चं 'त्या दिवशी', 'माझं'चं 'त्याचं'. का, असं विचारलं तर म्हणायचे, "पाठ कर, बैला." मी गाडीत घोकत बसायचो. एकदा मामांनी अर्थ विचारला, मी सांगितल्यावर खो खो हसले.

"ह्ये तर माझं रोजचं काम. आन् ह्येला क्लास लावलास? शाबास तुझी!"

त्याच संध्याकाळी नसरापूरला एक बाई खिडकीशी आली. "वेल्ह्यात माझ्या बहिनीला सांगा, उद्या येऊ नको, पोरीला ताप हाय." मामांनी ते काम माझ्यावर टाकलं. मी आळशी. रात्री गेलोच नाही, सकाळी गेलो आणि अर्धवट आठवलं तसं बहिणीला सांगितलं, "त्या चिडल्यात. उद्या येऊ नको म्हणाल्या."

तासाभरात ती रडत, पिशवी घेऊन आमच्याच गाडीत चढली. मामांनी तिला विचारलं आणि मग माझ्याकडे वळले.

"चिडली आसं कोन म्हनलं? ताप कुठं गेला? आन् कालचं उद्या आज झालं, का तुझ्या घरी न्हाई झालं?"

अख्ख्या गाडीसमोर मला पुन्हा बोलायला लावलं. "काल तुमची बहीण म्हणाली, आज येऊ नका, पोरीला ताप आहे."

बाईनं डोळे पुसले. "आता गं बया! मंग तर जायाच पायजे."

दहावी राहिलीच. आज मी तमिळनाडूतल्या एका कारखान्यात आहे. इथं शेजारच्या मशीनवर ओडिशाचा एक सोबती. त्याची दोन बोटं मशीनमध्ये गेली. बोटं आत जाऊ नयेत म्हणून बसवलेली मशीनची जाळी सैल झालीय, हे त्यानं आदल्या दिवशीच साहेबाला माझ्यासमोर सांगितलं होतं. आता तोच साहेब, टाय सावरत, साक्षीचा इंग्रजी कागद माझ्यापुढं सरकवून म्हणाला, "लिही, जाळी स्वतःच काढली असं तो म्हणाला." शिकलेला माणूस, आणि हातात भेळ!

नोकरी माझीही जाणार होती. पण मी लिहिलं की काल तो म्हणाला, जाळी सैल आहे. आणि आज साहेब म्हणाले, दुसरं लिही.

सोबत्याला उपचार मिळाले, काम टिकलं. मला शिक्षा म्हणून भट्टीवर टाकलंय. अजून रोज वाटतं, उद्या काढतील.

मामा रिटायर होऊन किकवीला असतात. कमी ऐकू येतं म्हणे. सोबत्याला मी त्यांची गोष्ट सांगितली, तर त्यानं त्याच्या भाषेत चार शब्द दिले, मामांना सांग म्हणाला. मला अर्थ अर्धाच कळतो, पण शब्द पाठ आहेत. मामांचे उपकार फेडायला माझ्याकडे दुसरं काही नाही. सुट्टी मिळाली की किकवीला जाईन, त्यांच्या कानाशी ते शब्द जसेच्या तसे मोठ्यानं म्हणेन आणि सांगेन, "आसं त्यो म्हनला, मामा. माझं काय न्हाई त्यात."