पूर्ण नाव-पत्त्याचा अर्ज

मी सातवीपर्यंत शिकलेली, पण आमच्या कामतघर वस्तीत अर्ज लिहायचा म्हटलं की बायका माझ्याच दाराशी येतात. नळाचा, रेशनकार्डाचा, दाखल्याचा, कसलाही. माझा एकच नियम. नाव, वय, पत्ता सगळं पूर्ण घालायचं. अर्धवट अर्ज कोणी वाचत नाही, हे मी खेटे घालून घालून शिकले.

चाळीत शेवटच्या खोलीत एक बाई राहते. नवरा लूमवर कापड विणायला, मुलगी एकोणीस वर्षांची, कल्याणला नर्सिंग शिकणारी. एका पक्षाच्या ऑफिसात बसणारा कार्यकर्ता रोज मुलीच्या रिक्षामागे बाइक लावायचा. आई माझ्याकडे आली नि हळूच म्हणाली, "काकी, पोलिसात न्हाय जायचं. बोभाटा होईल. त्याच्या वरच्यांनाच कळवा. आन् पोरीचं नाव नका घालू."

"अगं, नावाशिवाय कोण विचारतंय? आणि इमेलने पाठवू. पाकीट शिपाई तरी फोडतो, इमेल थेट साहेबांसमोरच उघडतो."

हे मी बोलले. कोणी सांगितलं होतं मला? कोणी नाही. झेरॉक्सवाल्याकडून ऐकलेलं नि त्यात माझी भर.

मी लिहिलं, झेरॉक्सवाल्याने कागदाचा फोटो काढून पक्षाच्या जिल्हा ऑफिसला पाठवला. साहेबांना नीट कळावं म्हणून मुलीचं नाव, खोली नंबर, सकाळी साडेसातला कुठल्या कोपऱ्यावर रिक्षाला उभी राहते तेही घातलं. बाइक बंद झाली. आईने मला शिरा आणून दिला. मी तो खाल्ला, आणि स्वतःवर खूशही झाले.

मग महापालिकेची निवडणूक लागली. कोणीतरी त्या पक्षाचा इमेल फोडला आणि आतलं सगळं मोबाइलवर फिरायला लागलं. तिकिटाची भांडणं, एकमेकांच्या चुगल्या, आणि त्यातच माझा कागद. माझं अक्षर अख्खी चाळ ओळखते.

मी पक्षाच्या जिल्हा ऑफिसात गेले. टेबलाशी बसलेला माणूस वरसुद्धा बघेना.

"काकी, हॅक झालंय. आमच्या हातात काय नाय."

"कुलूप नव्हतं का त्याला?"

"पासवर्ड होता ना. पण तो सगळ्यांनाच लागायचा. आमचं चिन्ह आणि पुढे एक दोन तीन."

"मग आता तो कागद मागे घ्या."

तो हसला. वाईट हसला नाही, लहान मुलाला हसतात तसा. म्हणाला, "घरी जा, काकी."

घरी आले तर चार माणसं शाल घेऊन बसलेली. विरोधी पक्षाची. "ताई, स्टेजवर फक्त एवढंच बोला की पत्र मीच लिहिलं." त्यांना चहा न देता घालवलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या पक्षाचे आले. "काकी, पत्र खोटं आहे म्हणा, विषय संपतो." खोटं म्हटलं तर मुलगी खोटी पडणार. खरं म्हटलं तर तिचं नाव माइकवर येणार. मी गप्प बसले. तरी विरोधकांच्या प्रचाराच्या रिक्षावर भोंगा लागलाच, "आमच्या बहिणीला न्याय द्या." रिक्षा नेमकी चाळीच्या तोंडाशी थांबायची. बहीण आत कडी लावून बसलेली.

साडेसातला त्या कोपऱ्यावर आता नुसती बघायला माणसं उभी राहायची. मुलीने कॉलेज सोडलं.

निवडणूक झाली. कोण जिंकलं ते मी विचारलं नाही. एका दुपारी आई आली, कोरा कागद घेऊन. "काकी, कालिजातनं तिचे दाखले काढायचेत. अर्ज लिवा. आम्ही तिला खारबावला माझ्या भावाकडे ठेवतो."

मी चष्मा लावला. पेन कागदावर टेकवलं नि पहिल्या ओळीशीच अडले. "नाव..." म्हणाले, आणि तिच्याकडे पाहिलं.

"घाला की," ती म्हणाली. रागाने नाही. "पूर्ण घाला. आता कोनाला ठावं न्हाय?"

मी घातलं. नाव, वय, खोली नंबर. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं.