डाव्या बॅकची मोकळी जागा

आमच्या विभागाची महिला फुटबॉल स्पर्धा हैदराबादला आली, तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मुलींसाठी तेव्हा खरी स्पर्धा ती एकच. शेजारच्या राज्यांच्या टीम यायच्या, निवड समितीची माणसं यायची, आणि राष्ट्रीय स्पर्धेचा रस्ता तिथूनच जायचा. एरवी आम्ही आपापसांत खेळायचो, मुलांची प्रॅक्टिस आटोपल्यावर.

हैदराबादच्याच गौलीगुडा भागातल्या माझ्या सासरी नुकतीच केबल आली होती. आमचे हे परदेशी मॅच बघत आणि मला ऑफसाइड समजावून सांगत. मी मेथी निवडत ऐकून घ्यायची.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी आमची कॅप्टन घरी आली. माझ्या जागी डाव्या बॅकला, म्हणजे बचावात डावीकडे, खेळणारी मुलगी तापानं पडली होती. बदली खेळाडू कुठून असणार, अकराजणी जमवतानाच आमच्या नाकी नऊ यायचे. माझं नाव अजून टीमच्या यादीत होतं. एका मॅचपुरती मला पाठवा, असं तिनं मामंजींना विनवलं.

मामंजी निवृत्त वकील. त्यांनी तिला चहा द्यायला लावला, टीमची चौकशी केली आणि शांतपणे म्हणाले, "खेळ चांगलाच आहे, बेटा. पण आमच्या सुनेनं अर्ध्या चड्डीत मैदानावर उतरावं, हे मला बघवायचं नाही. बघायला मात्र जरूर जाऊ दे तिला."

आतल्या खोलीत ह्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, पण ते बाहेर आले नाहीत. कॅप्टन माझ्याकडे वळली. "तू कुछ तो बोल." कोणी ओरडलं असतं तर मी भांडले असते. तिथं सगळे इतके गोड बोलत होते, की भांडायला कुठं जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सासूबाई मला ऑटोनं घेऊन गेल्या. चारचौघांत जायचं म्हणून त्यांनी मला रेशमी साडी नेसवली होती. आम्ही सिमेंटच्या पायऱ्यांवर बसलो. आमच्या दहाजणी मैदानात उतरल्या आणि थोड्याच वेळात समोरच्या टीमला डावीकडची फट सापडली. त्यांची विंगर तिथूनच आत घुसायची. आमच्या बाकीच्या बॅक सरकून सरकून दमल्या.

"तू कुठं उभी राहायचीस?" सासूबाईंनी विचारलं.

"तिथं. जिथं कोणी नाही."

त्या बराच वेळ तिकडेच बघत राहिल्या. तिसरा गोल झाल्यावर, निघायचं का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. पुढच्या वेळी ती विंगर पळत आली तेव्हा मी कधी उभी राहिले, मला कळलंच नाही. भान आलं तेव्हा माझा पदर सासूबाईंच्या मुठीत होता. त्या ओढत नव्हत्या, नुसत्या धरून बसल्या होत्या.

आम्ही हरलो. तरी निवड समितीनं आमच्या कॅप्टनला आणि गोलकीपरला पुढच्या शिबिरासाठी घेतलं. ते सांगायला कॅप्टन पायऱ्या चढून आली, घामानं निथळत. सासूबाईंनी तिला आपल्याजवळचं पाणी दिलं. मी तिचं अभिनंदन केलं, पण तिच्या नजरेला नजर देता आली नाही.

परतताना ऑटोत सासूबाई म्हणाल्या, "मी विचारते त्यांना." त्यांनी खरंच विचारलं. मामंजी म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी स्पर्धा दुसऱ्या राज्यात होती, आणि मला दिवस गेले होते. टीममध्ये माझ्या जागी आणखी एक नवी मुलगी आली. ती चांगली खेळते, असं ऐकलं.