एम.ए. माझं, पगार प्रभाकरचा

आमच्या घरात मी सगळ्यांत जास्त शिकलेला होतो आणि सगळ्यांत कमी मिळवत होतो.

यात तसा कुणाचा दोष नव्हता. आबा, म्हणजे आमचे वडील, चौथी पास. शिरूरच्या नगरपालिकेत मुकादम. धाकटा भाऊ प्रभाकर मॅट्रिकला दोनदा आपटला आणि दौंडला रेल्वेत चिकटला. इंजिनात कोळसा मारणारा फायरमन. त्याला पगार, वर भत्ता, वर राहायला क्वार्टर! मी एम.ए., तेही मराठी घेऊन, आणि शिरूरच्या एका सकाळच्या शाळेत हंगामी मास्तर. (हंगामी म्हणजे मे महिन्यात मी मास्तर नसायचो, नुसताच एम.ए. असायचो.) आई शाळेची पायरीसुद्धा चढली नव्हती. आम्हा सगळ्यांचे पगार तिच्या हातात पडत.

सत्तरचं दशक निम्मं उलटलं, माझी तिशी जवळ आली, तरी लग्न काही जमेना. पाहुणे यायचे, ‘एम.ए.’ ऐकून सावरून बसायचे, आणि पगार ऐकला की त्यांना एकदम एसटीची वेळ आठवायची. शेवटी रंगूमामानं मनावर घेतलं. रंगूमामा आईचा भाऊ. सोयरीक जमवण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. नंतर त्याला धरायला मात्र बरेच जण शोधत असत.

त्यानं न्हावऱ्याचं स्थळ आणलं. मुलगी सुशीला, मॅट्रिक होऊन नर्सिंगचा कोर्स केलेली, शिरूरलाच सरकारी दवाखान्यात नोकरीला. म्हणजे पगारात तीही माझ्या पुढंच. आबांनी काळजीनं विचारलं, "पगाराचं सांगितलंस का त्येंना?"

"समदं सांगितलंय. पाव्हणं खूस हायती!"

माझा पगार ऐकून कुणी खूश झाल्याचं हे पहिलंच उदाहरण. तिथंच संशय यायला हवा होता. पण एम.ए.ला संशय हा विषय नव्हता.

रविवारी आबा, मामा, मी आणि दौंडहून मुद्दाम आलेला प्रभाकर असे चौघे न्हावऱ्याला उतरलो. मुलीचे वडील आप्पा दारातच उभे होते. जयभीम झाला, पाणी झालं. पोहे समोर आले आणि आप्पांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"मंग? इंजन चालवायला लई आकल लागत आसंल!"

मी मामाकडं पाहिलं. मामा आढ्याकडं पाहत होता.

"आन् येवढं एम.ए. कशात केलं म्हनायचं?" आप्पा.

"मराठीत."

"आसं व्हय!" आप्पा चकित झाले. "म्हंजी आता इंजनबी मराठीत चालाय लागलं?"

आता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मामानं माझं शिक्षण आणि प्रभाकरचा पगार एकत्र मळून एकच नवरदेव थापला होता! आबांनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. खरं सांगून टाकण्याची हीच वेळ होती. पण पोहे फार चांगले झाले होते आणि ते टाकून उठायला कुणी तयार नव्हतं.

"भत्ता कसा काय मिळतो?" आप्पांनी मला विचारलं.

"गाडीवर गेल्यालं किलोमीटर मोजून मिळतो," प्रभाकर सवयीनं बोलून गेला.

"क्वार्टर पक्कं हाय का?"

"पक्कं हाय. निस्तं न्हाणीचं दार जरा लागत न्हाई."

"तुम्हाला वो काय म्हाईत न्हाणीचं?"

"धाकला हाय ना," मामा घाईघाईनं म्हणाला, "थोरल्याचं समदं त्योच बघतो. थोरला मोप शिकल्याला, त्याला दाराचं काय कळतंय!"

एवढ्यात सुशीलाची आत्या बाहेर आली. तिनं मला एखादी कविता म्हणायला सांगितली. (एम.ए. मराठीवाल्यानं कविता म्हणून दाखवायची, असा तेव्हा रिवाजच होता.) मी म्हटली. म्हणजे शिक्षणाचे प्रश्न मला, पगाराचे प्रभाकरला, अशी वाटणी छान बसत चालली होती. दोघांत मिळून एक नवरा उभा राहत होता. तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन सुशीला आली. तिनं ट्रे खाली ठेवला, आळीपाळीनं आम्हा दोघांकडं पाहिलं आणि सरळ विचारलं, "यातले एम.ए. कोण, आणि पगार कुणाचा?"

आप्पांनी उचललेला कप परत ट्रेमध्ये ठेवला.

"एम.ए. मी," मी हात वर करून सांगितलं. (मास्तरकीची सवय.) "पगार ह्याचा."

"रंगूमामा!" आप्पा गरजले. "तुम्ही तर म्हनला, पोरगं एम.ए. हाय, रेल्वेत हाय!"

"बरुबर हाय की!" मामा शांतपणे म्हणाला. "येक एम.ए. हाय, येक रेल्वेत हाय. म्या कवा म्हनलं दोन्ही येकच हायत म्हनून?"

आप्पा उठून उभे राहिले. आबा मान खाली घालून बसले होते. आयुष्यभर ज्या पोराच्या शिक्षणाची मिरवणूक काढली, त्याच्यावर ही पाळी आलेली पाहून त्यांना काय वाटत होतं, ते मला विचारवेना. आत्या मात्र व्यवहारी होती.

"जाऊ द्या की दादा. आता पाव्हणं आल्यातच, तर ह्या रेल्वेवाल्याचंच बघा. तब्येतबी बरी हाय ह्येची."

प्रभाकरनं दोन्ही हात जोडले. "आवो, माझं लगीन झालंय! पोरगं चालाय लागलंय माझं!"

"म्हंजी पगाराचं लगीन झालंय," आत्या म्हणाली, "आन् निस्तं एम.ए. शिल्लक हाय!"

माझ्या परिस्थितीचं इतकं नेमकं वर्णन नंतरही कुणी केलं नाही.

"बरं, ह्या शिलकी मालाला किती पडत्यात?" आप्पांनी विचारलं. शिरूरच्या सकाळच्या शाळेत हंगामी मास्तर आहे म्हणालो आणि आकडा सांगितला.

"आठवड्याला?"

"महिन्याला."

आप्पा खाली बसले. त्यांचा राग पार गेला होता. माझ्याकडं ते आता दुखवट्याला आल्यासारखे पाहत होते. त्यांनी स्वतः मला आणखी थोडे पोहे वाढले.

सुशीलानं फक्त एवढंच विचारलं, "शाळा किती वाजता सुटते तुमची?"

"साडेअकराला."

"बरं," असं म्हणून ती आत गेली.

आम्ही उठलो. एसटीला अवकाश होता. स्टँडवरच्या लिंबाखाली चौघे चार दिशांना तोंडं करून बसलो. आबा मामाशी बोलत नव्हते, प्रभाकर दात कोरत होता आणि मी, कशाला एवढे वर्ग चढत गेलो, याचा विचार करत होतो. तेवढ्यात समोरून धापा टाकत आप्पा सायकलीवरून आले.

"पोरगी व्हय म्हनती!"

"कुनाला?" प्रभाकर दचकून उभा राहिला.

"एम.ए.ला! म्या म्हनलं, आगं, पगार न्हाई त्याला. तर म्हनती, पगार माझा हाय की. पन शिरूरला तिच्या गल्लीत नळाला पानी येतंय बारा वाजता, आन् तवा ती असती दवाखान्यात. ह्येंची शाळा साडेअकराला सुटती. आता येवढ्या वक्ताला घरी यील आसा चांगल्या पगाराचा मानूस कुठं घावायचा?" त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "तिनं येवढंच इचारलंय, भरल्यालं दोन हंडं येका खेपेत उचलत्यात का?"

मी तोंड उघडण्याआधीच आबा छाती पुढं काढून उभे राहिले होते.

"उचलंल की! एम.ए. झाल्यालं पोरगं हाय माझं!"

शाळेनं मला पुढंही बरीच वर्षं हंगामीच ठेवलं. नळावरची नेमणूक मात्र पहिल्या दिवसापासून कायम होती. मे महिन्यातही खाडा नव्हता.